देवलोकाचा कपडेपट

१८८८ च्या सुमारास राजा रविवर्मा धाकट्या भावाला, राजराज वर्मा यांना, बरोबर घेऊन उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण, महाभारत आणि पुराणांतल्या प्रसंगांवर चौदा चित्रे मागितली होती. प्रसंग ठरलेले होते, हातात तैलरंगाचे कसब होते, अडत होते ते कपड्यांपाशी. दमयंतीने नेसायचे काय? हरिश्चंद्राच्या डोक्यावर पागोटे द्यायचे की मुकुट? सुभद्रेचा पदर कोणत्या खांद्यावर? मद्रासच्या माणसाला परकी वाटणार नाही, पुणेकराला हसू येणार नाही आणि बंगाल्यालाही आपली वाटेल अशी एक वेशभूषा कुठेतरी शिल्लक असेल, या आशेने दोघे भाऊ गावोगाव हिंडले. तशी काही सापडली नाही. प्रत्येक प्रांताचे नेसणे निराळे, आणि दरबारी पोशाखावर मोगलाईचा शिक्का. शेवटी रविवर्मा घरी परतले आणि जी वेशभूषा सापडली नव्हती ती त्यांनी स्वतःच रचली.

आज देव्हाऱ्यातल्या तसबिरीत, लग्नपत्रिकेवर, गणपतीच्या देखाव्यात आणि दूरदर्शनच्या पडद्यावर देवलोकाचे रहिवासी जे कपडे घालून वावरतात, त्यांचा मोठा भाग या प्रवासानंतरच्या शंभर वर्षांत ठरला. आणि तो ठरला बहुतेक आपल्याच अंगणात: घाटकोपर, मळवली, पुणे, कोल्हापूर, मुंबई, उंबरगाव. देवलोकाला उत्खनन नाही, दफ्तरखाना नाही. तिथल्या लोकांनी काय नेसले हे सांगणारा कपड्याचा एक तुकडाही नाही. त्यामुळे ज्याच्या हाती कुंचला, सुई किंवा कॅमेरा आला त्याने त्या लोकाला कपडे शिवले, आणि शिवताना मनात आपलेच प्रेक्षक धरले.

हे रविवर्म्यांच्या आधीही चालूच होते. अकबराने महाभारताचे फारसी भाषांतर करवून घेतले, त्या ‘रज्मनामा’च्या चित्रांत पांडव मोगली जामे आणि पगड्या घालून लढतात. पेशवाईतल्या वाड्यांच्या भिंतींवर पुराणातली माणसे त्या काळच्या मराठी थाटात वावरताना दिसतात. कोकणातला दशावतारी नट आपला पेटारा स्वतः वागवतो, आपला चेहरा स्वतः रंगवतो, आणि त्याची द्रौपदी नऊवारी साडीतच दरबारात येते. यात कोणालाही खोटेपणा वाटला नाही. देव आपले आहेत, तर ते आपल्यासारखेच नेसणार, इतका साधा हिशेब होता. मोगल चित्रकाराचा अर्जुन आणि कोकणातल्या खेळातला अर्जुन एकमेकांसमोर कधी उभे राहिले नाहीत, म्हणून भांडणही झाले नाही.

मराठी रंगभूमीने या हिशेबात पहिली मोठी उलथापालथ केली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. त्या काळच्या पौराणिक खेळांतले राक्षस तोंड रंगवून, आरडाओरडा करत रंगमंच दणाणून सोडत. पुढे सुशिक्षितांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले ते त्या आरोळ्यांवरूनच. पण मागच्या रांगेतल्या माणसाला देव कोण, दैत्य कोण आणि राजा कोण हे मिणमिणत्या उजेडात लांबून कळायला हवे, ही गरज त्या भडक कपड्यांनी ओळखली होती. मुकुट आला तो बराचसा याच गरजेपोटी. राजापार्टी नटाच्या डोक्यावर बेगड लावलेले काहीतरी चमकले की प्रश्न मिटला.

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात आले आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. राक्षसांचा दंगा मागे पडला, देवादिक घरच्या माणसांसारखे बोलू-गाऊ लागले. सुभद्रेचे दुःख हे मनाविरुद्ध लग्न ठरवल्या गेलेल्या कोणत्याही मुलीचे दुःख होते, आणि ती दिसायलाही तशीच हवी होती. स्त्रीपार्टी नटाने नऊवारी नेसली, नाकात नथ घातली, आणि द्वारकेची राजकन्या सदाशिव पेठेत राहायला आली.

रविवर्म्यांपुढची अडचण याहून अवघड होती. त्यांना एका पेठेची सुभद्रा नको होती. खरे पाहता प्राचीन वेशभूषेचा पुरावा देशात भरपूर होता. अजिंठ्याच्या भिंती, सातवाहनकाळातली शिल्पे यांत दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे श्रीमंत स्त्रीपुरुष जसे नेसत तसे दिसतात: कमरेला गुंडाळलेले वस्त्र, कमरपट्टा, अंगभर दागिने, आणि वरचे अंग पुष्कळदा उघडे. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी जी जोडपी कोरली आहेत त्यांच्या अंगावर शिवलेला कपडा नाही. अजिंठ्यात शिवलेले कपडे दिसतात ते मुख्यतः सेवक, परदेशी आणि नर्तकी यांच्या अंगावर. पुराव्याला धरून चित्रे काढली असती तर दमयंती उघड्या खांद्यांनी बडोद्याच्या दरबारात उभी राहिली असती. १८९० मध्ये ते कोणी सहन केले नसते. व्हिक्टोरियाचे राज्य होते, आणि हिंदू स्त्री शालीन आहे हे इंग्रजांना आणि स्वतःला पटवून देण्यात सुशिक्षित वर्ग गुंतला होता.

त्यात रविवर्मा त्रावणकोरचे. स्त्रीने वरचे अंग झाकावे की नाही हा तिथे जातीच्या मानमर्यादेचा प्रश्न होता. नाडार स्त्रियांना अंग झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक दशके झगडावे लागले. मारहाण झाली, दंगे झाले, आणि १८५९ मध्ये महाराजांना जाहीरनामा काढून ती मुभा द्यावी लागली. रविवर्मा तेव्हा अकरा वर्षांचे होते. झाकलेले अंग म्हणजे प्रतिष्ठा, ही गोष्ट त्या मुलखातल्या माणसाला पुस्तकात वाचावी लागत नव्हती.

त्यांनी साडी निवडली. केरळातले मुंडू त्यांनी आपल्या नायर स्त्रियांच्या चित्रांत ठेवले, पण देवी आणि पुराणातल्या राण्या यांना लांब, काठपदराची, अंगभर लपेटलेली साडी दिली. ही निवड निर्विवाद नव्हती. उत्तरेतल्या अनेक भागांत तेव्हा घागरा-ओढणी चालत होती, आणि साडी जिथे होती तिथेही तिची नेसण दर दोनशे मैलांवर बदलत होती. साडीची ‘सभ्य’ रीत कोणती यावर त्याच काळात घराघरांत प्रयोग चालले होते. सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नोकरीला आले तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी यांनी पारशी बायकांची नेसण पाहून आपली नवी रीत बसवली आणि ती बंगालात नेली. रविवर्म्यांनी हेच काम कॅनव्हासवर केले. त्यांच्या साडीची नेमकी गाठ कोणत्या गावची हे सांगता येत नाही, आणि मला वाटते ती सांगता येऊ नये अशीच त्यांची इच्छा होती. रेशमाची चमक, जरीचा काठ आणि पदराची पडण त्यांनी अशी रंगवली की पाहणारा नेसणीकडे बघायचे विसरून कापडाला हात लावायला जावा.

पण राजवाड्यातल्या चौदा चित्रांनी देश बदलत नसतो. ते काम छापखान्याने केले. १८९४ मध्ये घाटकोपरला रविवर्मा प्रेस सुरू झाला, यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आले. एकेका रंगासाठी वेगळा दगड, त्यावर चित्राचा तेवढाच भाग उतरवायचा आणि सगळे दगड एकाच कागदावर काटेकोर जुळवून छापायचे, अशी ती पद्धत. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला असे एकेक चित्र राजवाड्यातून उतरून चाळीतल्या खोलीत आले. तोपर्यंत घरात टाक होते, दगडधातूच्या मूर्ती होत्या. देवीच्या साडीचा रंग आणि काठ सगळ्या देशात एकच असणे हा अनुभव मात्र नवा होता. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकायची मुभा नव्हती त्यांच्याही भिंतीवर हीच लक्ष्मी आली.

आणि लोकांनी तिला कपडेही चढवले, अगदी शब्दशः. छापील चित्रातल्या साडीवर खरे कापड, जर आणि टिकल्या शिवून किंवा चिकटवून त्याला काच बसवायची हौस घरोघर पसरली. अशा जुन्या तसबिरी संग्राहकांकडे आजही आहेत. चेहरा आणि हात छापलेले, लुगडे मात्र खरे. कापडाच्या व्यापाऱ्यांनाही या देवींचा उपयोग झाला. मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर रंगीत छाप चिकटवलेले असत आणि त्यांवर बऱ्याचदा हेच देव असत. विलायती कापड विकायला देशी देवी उभी, अशी ती गंमत.

मुंबईतल्या प्लेगमुळे १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. मळवली स्टेशनवर उतरले की एका बाजूला कार्ल्याची लेणी आणि दुसऱ्या बाजूला भाज्याची. म्हणजे देवलोकाच्या नव्या कपड्यांचा कारखाना जुन्या कपड्यांच्या खऱ्या पुराव्याच्या बरोबर मधोमध उभा होता. डोंगरात कोरलेले स्त्रीपुरुष एका तऱ्हेने नेसलेले, आणि पायथ्याशी जर्मन यंत्रांतून हजारोंनी बाहेर पडणाऱ्या देवी अगदी दुसऱ्या तऱ्हेने. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि जिंकली ती पायथ्याची बाजू. विसाव्या शतकाच्या आरंभी कर्जामुळे रविवर्म्यांना हा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. नंतर कित्येक वर्षे हिंदू देवदेवता तिथे जर्मन मालकाच्या देखरेखीखाली छापल्या गेल्या. कोणाच्या श्रद्धेला त्याने धक्का लागला नाही.

इकडे रंगभूमीवर कपडेपटाचा थाट वाढतच होता. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ मधली रुक्मिणी म्हणून उभे राहिले. रुक्मिणी विदर्भाची राजकन्या. गंधर्वांनी तिला उंची नऊवारी शालू, खांद्यावर शाल, खोप्यात फुले आणि खरे दागिने दिले. बेगड आणि खोटी जर त्यांना चालत नसे. हे पाहायला घरंदाज बायका नाटकाला येऊ लागल्या आणि घरी जाऊन तशाच नेसू लागल्या, तशीच नथ, तसाच खोपा. पुरुषाने साकारलेली पुराणातली नायिका जिवंत बायकांना नेसायला शिकवते आहे, असा प्रकार फार थोड्या समाजांत घडला असेल. देवलोकाने माणसांकडून कपडे उसने घेतले होते, ते त्याने असे व्याजासकट परत केले. व्याज मात्र मालकाच्या अंगावर आले: १९२० मध्ये ‘द्रौपदी’च्या देखाव्यांवर आणि कपड्यांवर गंधर्वांनी अफाट खर्च केला आणि कंपनी कर्जात रुतली.

दादासाहेब फाळके यांनी लोणावळ्यात रविवर्मा प्रेसचे काम केले होते, त्यामुळे चित्रपटात काय घडणार हे जवळजवळ ठरलेलेच होते. १९१३ मध्ये गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पडद्यावरचा राजवाडा आणि माणसांची बैठक रविवर्म्यांच्या चित्रांतून उठून आल्यासारखी होती. तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले. ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात ते स्वयंपाकी होते. तारामतीच्या दासीही पुरुषच. मिशा काढायला पोरे तयार होत नव्हती, कारण बाप जिवंत असताना मिशी उतरवणे अशुभ. देवलोकाची आब राखण्यासाठी फाळक्यांना आधी गिरगावातल्या रूढीशी झुंजावे लागले. चार वर्षांनी ‘लंकादहन’ मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. कपडे बदलले की माणूस बदलतो, यावर प्रेक्षकांचा केवढा विश्वास होता पाहा.

पुढचा काळ भरभर सरकतो. कोल्हापुरात चित्रपट काढणारे बाबूराव पेंटर, मग प्रभात कंपनीचे दामले आणि फत्तेलाल. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या आणि घरंदाज स्त्री पडद्यावर राणी म्हणून उभी राहिली. १९४३ च्या ‘रामराज्य’ मध्ये शोभना समर्थ सीता होत्या. त्यांची आणि रामाचे काम करणाऱ्या प्रेम अदीब यांची छबी कॅलेंडरांवर गेली, आणि छापील चित्रावरून सिनेमा झाला होता तिथे आता सिनेमावरून छापील चित्र होऊ लागले.

या वाटचालीत एक गोष्ट मात्र सगळ्यांनी मिळून बदलली, ती वनवासातली सीता. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात कैकेयी तिच्याही हाती वल्कले ठेवते. ती कशी नेसायची हे सीतेला कळत नाही, ती गोंधळून उभी राहते, आणि राम तिच्या रेशमी वस्त्रावरूनच वल्कल बांधू लागतो. अंतःपुरातल्या स्त्रिया रडू लागतात. वसिष्ठ खडसावतात की वनवास रामाला आहे, हिला वल्कले कशाला? मग दशरथ चौदा वर्षे पुरतील इतकी वस्त्रे आणि भूषणे तिच्यासाठी काढायला लावतो. पुढे अनसूया तिला आणखी वस्त्रे आणि अलंकार देते. रावण नेत असताना पर्वतावरच्या वानरांकडे सीता आपले दागिने टाकते, तेही सोनेरी झळाळीच्या रेशमी उत्तरीयात. पोथीतली सीता वनात रेशीम लेऊन वावरली. आपल्या डोळ्यांसमोर मात्र भगवी सुती साडी नेसलेली, गळ्यात-हातात फुलांचे दागिने घातलेली सीता येते. ही कपडेपटाची करणी. दुःख आणि त्याग मागच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर रंगानेच बोलावे लागते, आणि वल्कल नेसून अभिनय करणे कोणाला जमणार? वाल्मीकींनी तो प्रसंग लिहिताना दशरथाच्या घरातली लाज आणि तारांबळ दाखवली. आपण ते सगळे काढून एक ठरलेला गणवेश दिला. कथेच्या दृष्टीने हे नुकसान आहे, असे माझे मत आहे.

जुन्या पुराव्याकडे परतायचे प्रयत्नही झाले, आणि त्यांतही मुंबई-महाराष्ट्राचा वाटा मोठा. प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाचे डॉ. मोतीचंद्र यांनी शिल्पे, चित्रे आणि ग्रंथ चाळून प्राचीन भारतीय वेशभूषेवर हिंदीत मोठा ग्रंथ लिहिला. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, पुढच्या भानू अथैया, यांनी १९६६ च्या ‘आम्रपाली’साठी अजिंठ्याचा अभ्यास केला आणि वैजयंतीमालांना कंचुकी आणि चुणीदार अधोवस्त्र दिले. याच भानू अथैयांना ‘गांधी’साठी ऑस्कर मिळाले, भारताचे पहिले. १९६७ मध्ये अनंत पै यांनी ‘अमरचित्रकथा’ सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या चित्रांतल्या नायिकाही बऱ्याचदा साडीऐवजी असेच काहीसे नेसतात. पण हा अजिंठ्याचा कपडेपट मुलांच्या पुस्तकात आणि नृत्याच्या दृश्यात चालला. पूजेच्या तसबिरीत त्याला कोणी जागा दिली नाही. देवघरात पदर लागतो.

मग आला २५ जानेवारी १९८७ चा रविवार. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले, महाराष्ट्राच्या वेशीवरच्या उंबरगावात चित्रित होणारे. दीड वर्ष, ७८ भाग. कपडे मगनलाल ड्रेसवाला यांचे, नंतर चोप्रांच्या ‘महाभारता’चेही त्यांचेच. चकाकणारे मुकुट, मखमल, जरीचे काठ, राण्यांच्या भरजरी साड्या. त्याच सुमारास पीटर ब्रूक यांनी फ्रान्समध्ये महाभारत रंगमंचावर आणले, त्यात मुकुटांचा झगमगाट जवळजवळ नव्हता, साधे सैलसर कपडे होते. आपल्या घरांत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. रविवारी सकाळी अंघोळी करून, टीव्हीला हार घालून बसलेल्या लोकांना जे दिसले तेच देवलोकाचे अधिकृत रूप झाले. सांगलीच्या बेगडापासून मळवलीच्या साडीपर्यंतचे सगळे थर त्यात होते, फक्त ते थर आहेत हे आता कोणाला दिसत नव्हते.

२०२२ च्या ऑक्टोबरात ओम राऊत यांच्या रामायणावरच्या ‘आदिपुरुष’ची झलक आली आणि गदारोळ उठला. हनुमानाच्या अंगावर चामड्यासारखे कपडे कसे, रावण असा कसा दिसतो, हे आपल्या परंपरेत बसत नाही. चित्रपट वाईट होता हे खरे, आणि कपडेही वाईट होते. पण टीका करणाऱ्यांनी पुरावा म्हणून वाल्मीकी उघडले नाहीत, अजिंठा-कार्ल्याचे नाव घेतले नाही. त्यांनी ज्याच्याशी तुलना केली ती परंपरा १९८७ ची होती, आणि तिच्या मुळाशी जाऊ म्हटले तरी फार तर १८४३ पर्यंत मागे जाता येते.